घाट विकत मिळत नाही

स्पष्टच बोलतो, कोणाला राग आला तरी चालेल. मॉडेल रेल्वेचा छंद महाग आहेच, पण आपण तो विनाकारण आणखी महाग करून ठेवलाय. आणि इंजिनांपायी नाही, गवतापायी!

खरंच. नवीन माणूस विचारतो, "लेआउटला काय काय लागेल?" की लगेच त्याच्या हातात यादी. परदेशी गवताचं पाकीट, परदेशी खडीची पिशवी, सूचिपर्णी झाडांचा डबा, डोंगर ओतायचे साचे. वर कुरिअर, वर कस्टम ड्युटी. बिचारा बेरीज करतो आणि रुळांचं वर्तुळ पलंगाखाली सरकवून मोकळा होतो. एक छंद जन्मायच्या आत गेला.

बरं, एवढे पैसे टाकून मिळतं काय? आल्प्स! करायचा असतो भोर घाट. १८६३ साली सुरू झालेला, ३७ फुटांत एक फूट चढणारा. आणि त्याच्या कडेला देवदार? सह्याद्रीचा कातळ काळा आणि आडव्या थरांचा. खोक्याचा जाड पुठ्ठा हाताने फाडा, पट्ट्या एकावर एक चिकटवा, वरून प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ हात आणि काळपट रंग. साच्यातला तिरपा फाटलेला खडक त्याच्या जवळपासही जात नाही. म्हणजे महाग माल नुसता महाग नाही, चुकीचाही आहे.

खडीचंच गणित करू. आपल्या रुळांखालची खडी साधारण ५० मिलिमीटरची. एचओ स्केल म्हणजे १:८७. भागाकार केला की जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या वर. खडीक्रशरवरची कच आणा, धुवा, वाळवा. चहाच्या गाळण्यातून खाली पडेल ती घ्या, त्यातली मैद्याच्या चाळणीत वर राहील ती ठेवा. खऱ्या रुळांखालचा दगड तोच, फक्त बारीक! त्यातून एकदा चुंबक तेवढं फिरवा, कारण बेसाल्टमधले लोहाचे कण इंजिनाच्या मोटरला चिकटतात. मग फेविकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, म्हणजे मिश्रण खडीत नीट मुरतं.

माती? रांगोळी आणि गेरू. गवत? रंगवलेला लाकडाचा भुसा. झाडं? जुन्या वायरमधल्या तांब्याच्या तारा पिळून खोड, आणि वर स्पंजचा चुरा. लहानपणी दिवाळीत गोणपाट, विटा आणि चिखलातून आख्खा किल्ला उभा करून त्यावर हळीव पेरणारे आपण. आणि आता गवत बोटीने मागवायचं?

यावर आमच्या आयटीवाल्यांचं ठरलेलं उत्तर: "वेळ म्हणजे पैसा. चाळत बसण्यापेक्षा विकत घेतलेलं परवडतं." अरे बाबा, तासाच्या रेटने हिशोब करायचा तर मग गोल गोल फिरणारी गाडी बघणं तरी कुठल्या बिलात बसतं? चाळणं, रंगवणं, फसणं, पुन्हा करणं हाच तर छंद आहे. तोच आउटसोर्स केला तर उरलं काय?

"स्वस्त टिकत नाही" हा आक्षेप मात्र अर्धा खरा आहे. एमडीएफ पावसाळ्यात फुगतं. पुठ्ठ्याला दोन्ही बाजूंनी व्हार्निश नसेल तर तो वाकतो. थर्माकोलला रबराचं सोल्युशन लावलं तर तो विरघळतो, आणि गरम तारेने कापला तर धूर बाधतो. त्यामुळे कंजूषपणाचा पुरस्कार मी करत नाहीये. एन स्केलसाठी जुनं फ्लश डोअर झकास बेस होतो, हलकं आणि सपाट. एचओसाठी चांगला प्लायवूडच घ्या.

माझा नियम एका ओळीचा आहे: जे धावतं त्यावर खर्च करा, जे उभं आहे ते गोळा करा. रूळ, सांधे, चाकं, मोटर, वीजपुरवठा यांत काटकसर केली तर गाडी घसरणार, वैताग येणार आणि लेआउट माळ्यावर जाणार. झाड जरा वाकडं असेल तर काय बिघडलं? खरी झाडंही वाकडीच असतात.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी यादी मागितली, तर त्याला परदेशी दुकानाचा पत्ता देऊ नका. एक गाळणं द्या, आणि पावसाळ्यात इंद्रायणीच्या खिडकीत बसून घाट नीट बघून यायला सांगा.