ना दगडाचं, ना फूल!

दसऱ्याला म्हैसूरला गेलेली मराठी मंडळी राजवाडा पाहून झाला की देवराज मार्केटमध्ये डोकावतात. तिथल्या मसाल्याच्या दुकानात एक ओळखीचा जिन्नस दिसतो. वरून राखाडी, खालून काळा, जळक्या कागदाच्या कपट्यांसारखा. कानडीत त्याला म्हणतात ‘कल्लु हूवु’. कल्लु म्हणजे दगड, हूवु म्हणजे फूल. गोड्या मसाल्यातलं आपलं दगडफूलच ते!

गंमत म्हणजे दोन्ही भाषांनी दिलेलं नाव फसवं आहे. हे फूल नाही आणि बाजारातला बराचसा माल दगडावरचाही नसतो. तो झाडांच्या खोडा-फांद्यांवरून खरवडून काढलेला असतो. शास्त्रज्ञ याला शैवाक म्हणतात. बुरशी आणि शेवाळ यांचा हा जोडसंसार. बुरशी घर बांधते, ओल धरून ठेवते. शेवाळ उन्हाच्या मदतीनं अन्न तयार करतं. झाडाचं ते काही खात नाही. झाड म्हणजे नुसती बसायची जागा.

भारतात शैवाकांच्या अडीच हजारांहून अधिक जाती आहेत. मसाल्याच्या जाती हिमालयात आणि सह्याद्री-निलगिरीच्या ओलसर डोंगरांत मिळतात. त्यांची शेती होत नाही, जंगलातूनच गोळा करतात. वाढ मात्र वर्षाला काही मिलिमीटर! फांदी खरवडायला काही क्षण पुरतात, पुन्हा भरायला कित्येक वर्षं लागतात. त्यात एकाच पोत्यात अनेक जाती मिसळलेल्या. मग नेमकी कोणती जात कमी होतेय, हे कळायचं कसं?

शहरात संकट वेगळं. शैवाकाला मुळं नसतात, ते हवेतूनच पाणी घेतं आणि त्याबरोबर धुरातलं विषही. सल्फर डायऑक्साइड वायूनं नाजूक जाती आधी मरतात. म्हणजे झाडावरचे हे राखाडी ठिपके हवेची तब्येत सांगणारे वैद्यच! पण त्यासाठी झाडं तर उभी हवीत. २०२५च्या एप्रिलमध्ये म्हैसूरच्या हैदर अली रस्त्यावरची सुमारे ४० झाडं रुंदीकरणासाठी तोडली गेली, तेव्हा नागरिकांनी निषेध केला. जुनं झाड पडतं, तेव्हा त्याच्या सालीवरचा हा संसारही उद्ध्वस्त होतो.

तोड आणि प्रदूषण मिळून काय होतं, हे युरोपनं पाहिलं आहे. ‘बोरिअल फेल्ट’ हे झाडावरचं शैवाक स्वीडनमधून नाहीसं झालं. २००३मध्ये धोक्यातल्या सजीवांच्या जागतिक लाल यादीत त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली.

आपल्याकडे उत्तराखंडच्या वन विभागानं २०२०मध्ये मुन्सियारीला शैवाकांचं उद्यान उभारलं. घरच्या अंगणात तेवढंही करावं लागत नाही. आंब्या-फणसाच्या खोडावर राखाडी पापुद्रे दिसले, तर रोग समजून खरवडू नका. आणि मसाला भाजताना डब्यातलं दगडफूल जपून वापरा. त्या एका चिमटीमागं जंगलातली कित्येक वर्षं असतात.