दुसरे घर : मिळकत की पैज?

निवृत्तीच्या वेळी हाती आलेला भविष्यनिर्वाह निधी कोठे गुंतवावा, या प्रश्नाला नाशिकच्या मध्यमवर्गीय घरांत बहुधा एकच उत्तर मिळते : दुसरा फ्लॅट घ्यावा, तो भाड्याने द्यावा आणि दरमहाची विवंचना मिटवावी. 2026-27 च्या सिंहस्थाने या विचाराला नवा जोर आणला आहे. रस्ते होतील, वस्ती वाढेल, भाव चढतील, असे विकणारे सांगतात. तथापि पर्वणी बारा वर्षांनी येते आणि घरखर्च मात्र दरमहा भागवावा लागतो, ही साधी गोष्ट या उत्साहात विसरली जाते.

उदाहरणादाखल 50 लाखांचा फ्लॅट घेऊ. मुद्रांक शुल्क व नोंदणी धरून तो 53 लाखांच्या घरात जातो. भाडे महिना 13 हजार, म्हणजे वर्षाचे 1 लाख 56 हजार. विकणाऱ्याचा हिशेब येथेच संपतो; घेणाऱ्याचा येथून सुरू व्हावयास हवा. भाडेकरू बदलताना वर्षाकाठी एक महिना घर रिकामे राहिले, तर 13 हजार गेले. सोसायटीची वर्गणी 24 हजार. घरपट्टी, रंगरंगोटी व दुरुस्ती मिळून 15 हजार. उरले 1 लाख 4 हजार, म्हणजे गुंतवलेल्या रकमेवर दोन टक्केही नाहीत. याउलट ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 2024 साली 8.2 टक्के व्याज मिळत होते. फ्लॅटसाठी कर्ज काढले असेल, तर भाड्यातून व्याजही भागत नाही आणि उरलेला हप्ता निवृत्तिवेतनातून भरावा लागतो.

यावर एक रास्त आक्षेप आहे. ठेवीचे व्याज वाढत नाही. भाडे वाढते आणि घराची किंमतही वाढते. हे खरे आहे. परंतु वाढलेली किंमत घर विकल्यावाचून हाती येत नाही आणि ती किती वाढेल, हे कोणालाच सांगता येत नाही. सबब दोन टक्क्यांवर घर घेणारा वस्तुतः मिळकत घेत नाही, तो भावावर पैज लावतो. ज्याला ती झेपते त्याने जरूर लावावी; मात्र म्हातारपणाच्या पुंजीवर ती लावू नये.

भाडे उत्पन्न होते ते नोकरी-शिक्षणासाठी आलेल्या माणसांमुळे. सातपूर-अंबडचे कारखाने, नाशिकरोडचे सरकारी छापखाने, म्हसरूळचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ यांच्या आसपास भाडेकरू कायम लागतो. म्हणून फ्लॅटचा भाव विचारण्यापूर्वी त्याच आळीतील चार घरांचे चालू भाडे विचारावे आणि त्यावरून कोणता भाव परवडेल हे ठरवावे.

कराराबाबतही गैरसमज आहे. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, अशी समजूत सर्वत्र आढळते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 अन्वये करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणेच, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. मुद्रांकाचे चार पैसे वाचवणारा मालक अशा रीतीने आपलाच पुरावा गमावतो.

भाडे आणि इमारत यांचा मेळ तुटला की काय होते, हे जुन्या नाशकातील वाडे सांगतात. 1947 च्या कायद्याने भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधली. मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरूला घर सोडवेना. पावसाळ्यागणिक भिंती खचत गेल्या. तेथे कायद्याने भाडे गोठवले होते. आज अवाच्या सवा खरेदीभाव तेच करू पाहत आहे. ज्याला घरातून काही उरत नाही, तो प्रथम दुरुस्ती टाळतो, आणि गळक्या छताखाली राहतो तो भाडेकरू.

म्हणून खरेदीपूर्वीचा हा हिशेब केवळ गुंतवणूकदाराच्या लाभाचा नाही. सर्व खर्च वजा जाता जे उरते त्यावर घर आणि मालक दोघेही टिकणार असतील, तरच त्याला मिळकत म्हणावे.