दोष आईच्या नोकरीचा नव्हे, कामाच्या तासांचा

बंगळूरच्या पूर्वेकडील व्हाइटफील्ड ही १८८२ साली अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठी वसविण्यात आलेली शेतकरी वसाहत. १९९८ मध्ये तेथे इंटरनॅशनल टेक पार्क सुरू झाले आणि शेतांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. आज तेथे पतिपत्नी दोघेही नोकरी करणारी असंख्य कुटुंबे राहतात.

अशा घरांतील मुलांविषयी एक तक्रार सर्रास ऐकू येते. मुले पाकिटातले पदार्थ खातात, मैदानावर जात नाहीत, रात्री उशिरापर्यंत मोबाइल सोडत नाहीत. निदानही ठरलेलेच : आई नोकरी करते म्हणून! बाप पिढ्यान्‌पिढ्या नोकरी करीत आला. हा आरोप त्याच्यावर कधी झाला नाही. हे निदान स्त्रीविरोधी तर आहेच, शिवाय ते चुकीचेही आहे.

प्रश्न नोकरीचा नसून ती दिवसाचे किती तास गिळते याचा आहे. टेक पार्कमधील बरेचसे काम अमेरिका-युरोपच्या घड्याळावर चालते. मूल शाळेतून घरी येते, त्या सुमारास तिकडच्या बैठकांना प्रारंभ होतो. त्यात रस्त्यावरील वाहतूककोंडीची भर. मग जेवण उशिरा, झोप उशिरा; स्वयंपाकाची जागा पाकीट घेते आणि सोबतीची जागा पडदा. त्याच इमारतींत धुणीभांडी करणाऱ्या स्त्रीच्या मुलाच्या हातीही पाच रुपयांचे पाकीटच येते, कारण त्याच्यासाठी ना पाळणाघर आहे, ना मैदान. वर्ग भिन्न, पण दोघांच्याही आईबापांचा वेळ मालकाने घेतलेला आहे.

आणि मालकवर्गाची भूक अजून भागलेली नाही. जुलै २०२४ मध्ये कर्नाटकात माहिती तंत्रज्ञान कर्मचाऱ्यांचा दिवस बारा तासांहून अधिक लांबविण्याचा प्रस्ताव पुढे आला. कर्मचाऱ्यांची संघटना ‘किटू’ने त्याविरुद्ध आवाज उठविला. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळानेही कारखान्यांतील दैनंदिन मर्यादा नऊवरून बारा तासांवर नेण्यास मंजुरी दिली. एका बड्या उद्योगपतीने आठवड्याला सत्तर तासांचा उपदेश केला, दुसऱ्याने नव्वदांचा. त्या तासांत मुलांना कोण सांभाळणार, याचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही.

परिणाम आकड्यांत दिसू लागले आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पाच वर्षांखालील अतिवजनी बालकांचे प्रमाण २०१५-१६ मधील २.१ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ३.४ टक्क्यांवर गेले. कुपोषण संपलेले नसतानाच हे दुसरे संकट उभे राहिले आहे.

पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर हवे, ही तरतूद २०१७ साली कायद्यात आली. तिची काटेकोर अंमलबजावणी, आठ तासांचा दिवस, कामाच्या वेळेनंतर फोन बंद ठेवण्याचा हक्क, आणि घरकामगार स्त्रियांच्या वस्तीत अंगणवाडी व क्रीडांगण, या मागण्या बालआरोग्याच्याच मागण्या आहेत. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांनी १८९० मध्ये रविवारची सुट्टी लढून मिळविली होती. आईबापांची संध्याकाळही लढूनच परत मिळवावी लागेल.