गॅरेजच्या भिंतीला थर्माकोल? जरा थांबा

एप्रिल संपत आला की आमच्या बाह्यरुग्ण विभागात चक्कर, उलट्या, पायात गोळे अशा तक्रारी घेऊन येणारे वाढतात. त्यात शेतमजूर आणि हमाल असतात, तसेच घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये काम करणारेही असतात. कुणाचे तिथे वेल्डिंगचे काम, कुणाचे दुचाकी दुरुस्तीचे, तर कुणी निवृत्तीनंतर हौसेने सुतारकाम करतो. वर पत्रा, तीन बाजूंना भिंती, समोर शटर. मागच्या उन्हाळ्यात अशाच एका गृहस्थांना सलाइन लावावे लागले. घरी जाताना ते म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, आता आतून सगळीकडे थर्माकोल चिकटवून घेतो.’’

उष्णतेपुरता त्यांचा विचार चुकीचा नव्हता. थर्माकोलमध्ये सुमारे ९८ टक्के हवाच असते आणि अडकलेली हवा उष्णता सहज आत येऊ देत नाही. पण प्रश्न फक्त उष्णतेचा नाही. ज्या खोलीत ग्राइंडर आणि वेल्डिंग चालते, तिथे उघडा थर्माकोल किंवा फोम लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

थर्माकोल साधारण १०० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागतो. वेल्डिंगची ठिणगी म्हणजे वितळलेल्या लोखंडाचा थेंब, हजार अंशांहून जास्त तापलेला. २० फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यातल्या एका नाइट क्लबमध्ये आतषबाजीच्या ठिणग्या भिंतीवरच्या उघड्या फोमवर पडल्या. काही मिनिटांत सगळी इमारत पेटली आणि १०० जणांचा जीव गेला. अशा आगीत ज्वाळा पोहोचण्याआधी धूर पोहोचतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि पॉलियुरेथेन फोम जळताना हायड्रोजन सायनाइडही तयार होतो. माणूस दोन-चार श्वासांत गोंधळतो, दार समोर असूनही त्याला सापडत नाही. गॅरेजला तर बहुधा एकच शटर असते. ‘आग न धरणारा’ म्हणून विकला जाणारा फोमही मोठ्या आगीत जळतोच.

दुसरा धोका धुळीचा. जुने सिमेंटचे पत्रे बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसचे असतात. आतून फळ्या बसवण्यासाठी त्यांना भोके पाडली, ते कापले की बारीक तंतू हवेत उडतात. त्यातून होणारा फुप्फुसाचा कर्करोग किंवा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग वीस ते चाळीस वर्षांनी दिसू शकतो. शाबूत पत्र्याला हात लावू नका. भिंतीत झिरी मारतानाही पाणी मारत राहा. विटा आणि सिमेंटच्या धुळीत सिलिका असते आणि तोंडाला बांधलेला रुमाल ती अडवत नाही.

मग करायचे काय? सुरुवात छपरापासून करा. भर दुपारचे ऊन मुख्यतः तिथूनच आत उतरते. पत्र्यावर बाहेरून पांढरा, ऊन परतवणारा रंग द्या. समोरासमोर झरोके काढा, एक एक्झॉस्ट पंखा बसवा. पश्चिमेच्या भिंतीवर बाहेरून सावली करा. एवढे करून पुरले नाही तर ग्लासवूल किंवा रॉकवूल वापरा. मात्र ते उघडे ठेवू नका, नाहीतर अंगाला खाज सुटते. वर जिप्सम किंवा सिमेंटचा बोर्ड बसवा. जिप्समच्या वजनाचा सुमारे पाचवा भाग पाणी असते, म्हणून ते आगीला बराच वेळ दाद देत नाही. मात्र पावसाळ्यातली ओल आधी बंद करा. बोर्डामागे बुरशी धरली की दमेकऱ्यांना त्रास होतो.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. भिंती कितीही चांगल्या झाल्या तरी आत तयार होणारी उष्णता आणि धूर बाहेर जायलाच हवा. शटर ओढून आत दुचाकी चालू ठेवली तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना रंग, ना वास.

मोठ्या कारखान्यात तपासणीला कुणी तरी येते. घरच्या गॅरेजकडे कुणी फिरकत नाही. दुकानात चौरस फुटाचा भाव सांगतात, तो माल पेटला तर काय होईल हे सांगत नाहीत. विकणाऱ्याने ते सांगायला हवे. तो सांगत नसेल तर आपण विचारायला हवे.

ते गृहस्थ नंतर रक्तदाब तपासायला आले होते. आधी पत्रा रंगवला, मागच्या भिंतीत झरोका काढला, असे म्हणाले. थर्माकोल आणलाच नव्हता. भर दुपारी आता कामही बंद ठेवतात. माझ्या मते सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय तोच.