ओली वाट आणि घोडा

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. लिहीन लिहीन म्हणत मागे पडत गेली. आज सकाळपासून इथे पाऊस लागलाय, तेव्हा पुन्हा आठवली.

लेकीकडे इंडियानापोलिसला तीन महिने गेले होते. नात तेरा वर्षांची, दोन वर्षं घोड्यावर बसायला शिकतेय. "आजी, तू परत जायच्या आत मला डोंगरात घोडा चालवताना बघायचंच," असा तिचा हट्ट. तिला शिकवणाऱ्या बाई साठीच्या, स्वतःचे तीन घोडे असलेल्या. त्यांच्याबरोबर ब्राउन काउंटी स्टेट पार्कमध्ये शनिवार-रविवार तंबूत राहायचं ठरलं. नाव पार्क असलं तरी ही बाग नव्हे, जंगलच. जवळजवळ १६,००० एकर, इंडियाना राज्यातलं सर्वांत मोठं. घोडेवाल्यांसाठी वेगळा तळ आणि सुमारे ११० किलोमीटरच्या घोड्यांच्या वाटा. मी काही घोड्यावर बसणार नव्हते. वाटेच्या तोंडाशी खुर्ची टाकून नात जाताना आणि येताना बघायची, एवढंच. पण त्यासाठी चौऱ्याहत्तराव्या वर्षी तंबूत झोपायलाही तयार झाले!

शुक्रवारी संध्याकाळी पोचलो. मला वाटलं, आधी चहा होईल. छे! आधी घोडे. गाडीच्या मागच्या ट्रेलरमधून त्यांना उतरवायचं, पाणी दाखवायचं, वैरण टाकायची, खरारा करायचा, खुरात अडकलेले खडे काढायचे. एक घोडा दिवसाला वीस ते चाळीस लिटर पाणी पितो आणि आठ-दहा किलो गवत खातो. मग लीद किती होत असेल याचा हिशेब तुम्हीच करा. ती ज्याची त्याने उचलायची. घरी ताट न उचलणारी आमची नात फावडं घेऊन निमूट कामाला लागली. लेक माझ्याकडे बघून नुसती हसली.

आणि रात्री पाऊस आला. चांगला चार-पाच तास कोसळला.

सकाळी मात्र लख्ख ऊन. नात सहालाच तयार, डोक्यावर हेल्मेट. बाई वाटेच्या तोंडापर्यंत गेल्या, बुटाची टाच मातीत दाबली, खड्ड्यात पाणी भरताना बघत उभ्या राहिल्या. परत येऊन म्हणाल्या, "आज नाही."

वाट बंद केलेली नव्हती, हे मुद्दाम सांगते. कुठे फलक नव्हता. आमच्या डोळ्यांदेखत दोन टोळकी खोगीर घालून गेलीसुद्धा. जावई एरवी शांत माणूस, पण तेही म्हणाले, "आई, ते सगळे चाललेत. आपले तीन घोडे गेले नाहीत म्हणून काय फरक पडणार आहे? पैसे भरलेत, सुट्टी काढलीय, तुम्ही गुरुवारी निघणार." नातीच्या डोळ्यांत पाणी. खरं सांगते, क्षणभर मलाही वाटलं, बाई जरा जास्तच करताहेत.

पण मी पस्तीस वर्षं भूगोल शिकवला आहे. जमिनीची धूप हा धडा किती वेळा घेतला असेल, मोजदाद नाही. साडेचारशे-पाचशे किलोंचं जनावर, वर माणूस आणि खोगीर, आणि सगळा भार चार खुरांवर. ओल्या मातीत प्रत्येक पाऊल खळगा करतं. खळग्यात पाणी साचतं. पुढचा घोडा चिखल चुकवून कडेने जातो, वाट रुंदावते. उतारावर तेच खळगे जोडले जाऊन ओहोळ होतो. मुळं उघडी पडतात, माती खाली तळ्यात जाते. तीच वाट कोरडी असताना घोडे गेले तर त्या मानाने फारच थोडं नुकसान होतं. म्हणजे प्रश्न घोड्याचा नाही, वेळेचा आहे.

आणि हा डोंगर एकदा वाहून गेलेला आहे! वसाहतवाल्यांनी इथली झाडं तोडली, उतारावर शेती केली, माती गेली, शेवटी माणसंही निघून गेली. १९२९ मध्ये हे उद्यान झालं. मग मंदीच्या काळात सरकारने बेकार तरुणांच्या पलटणी उभारल्या. महिना तीस डॉलर पगार, त्यातले बहुतेक घरी पाठवायचे. त्या पोरांनी इथे माती धरून ठेवायला झाडं लावली, वाटा बांधल्या. हे वाचताना मला आपला १९७२चा दुष्काळ आठवला. खडी फोडणारी, बांध घालणारी, पाझर तलाव खोदणारी माणसं मी पाहिली आहेत. पोटासाठी केलेलं ते काम, पण पुढच्यांच्या उपयोगी पडलं. आज ज्या झाडांच्या सावलीतून आपण हौसेने घोडा हाकतो, ती कुणाच्या तरी रिकाम्या पोटाने लावली आहेत.

जावयांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. माणसं आली नाहीत, तिकिटं खपली नाहीत, तर अशी जंगलं राखणार कोण? घोडेवाली मंडळीच श्रमदानाने वाटा दुरुस्त करतात, पडलेली झाडं कापून बाजूला करतात, हेही खरं. त्यांनी येऊच नये असं मी मुळीच म्हणत नाही. पण तिकीट आत यायचं असतं, डोंगर विकत घेतल्याचं नसतं. आणि "एकट्याने काय फरक पडतो" हे वाक्य वर्गात कागदाचा बोळा टाकणाऱ्या प्रत्येक मुलाकडून मी ऐकलेलं आहे. वर्गात पन्नास मुलं असायची, आणि पन्नासही जण एकटेच असायचे!

आपल्याकडे तरी काय वेगळं? भर पावसाळ्यात गडांच्या वाटांवर रविवारी रांगा लागतात. घसरडं नको म्हणून जो तो कडेच्या गवतातून चढतो, आणि दोन वर्षांत एका वाटेच्या चार वाटा होतात. बंदी घाला म्हणजे आम्ही थांबू, असं आपलं असतं. बंदी नसताना थांबणं आपल्याला कुणी शिकवलंच नाही. मी शिक्षिका होते, म्हणजे त्यात माझाही वाटा आलाच.

त्या दिवशी नात दुपारपर्यंत बोलली नाही. मग बाईंनी तिला घोड्याचा पाय उचलून खूर कसं साफ करायचं ते पुन्हा नीट करून घ्यायला लावलं. ते झाल्यावर तिने माझा हात धरून घोड्याच्या मानेवर ठेवला. ऊबदार मान, खाली शीर उडत होती. आयुष्यात पहिल्यांदा घोड्याला हात लावला. रविवारी सकाळीही माती ओलीच होती. दशम्या खाऊन, तंबू गुंडाळून परत आलो. गुरुवारी माझं विमान.

नातीला डोंगरात घोडा चालवताना मी पाहिलं नाही. पुन्हा तिकडे जाणं होईल की नाही, गुडघ्यांना विचारावं लागेल. हळहळ वाटते, नाही असं नाही. पण परवा तिचा फोन आला होता. ऑक्टोबरमध्ये पुन्हा गेले होते म्हणे, चार तास रपेट झाली. मी विचारलं, "वाट कशी होती गं?"

"कोरडी होती आजी. मी आधी टाच दाबून बघितली."