ठळक अक्षरे आणि बारीक अक्षरे

भाषेच्या अंकात जाहिरातीवर अग्रलेख कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. उत्तर साधे आहे. वर्षातून एकदाही पुस्तक हाती न घेणारा माणूस रोज जाहिरात वाचतो. निपाणी-खानापूरकडच्या खेड्यांत बसथांब्यावर, दुकानाच्या पत्र्यावर, टी.व्ही.वर आणि आता खिशातल्या मोबाईलवर जी मराठी दिसते, तिच्यातला मोठा वाटा जाहिरातीचा असतो. म्हणून जाहिरात खरे बोलते काय, आणि आपल्याला समजेल अशा भाषेत बोलते काय, हे दोन्ही प्रश्न आमच्या मते भाषेचेच आहेत.

जाहिरातीला सरसकट नावे ठेवणाऱ्यांपैकी आम्ही नाही. वर्तमानपत्र परवडणाऱ्या किमतीत घरोघरी पोचते ते जाहिरातींच्या बळावरच. बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचे सोनेही विकत नाही, हे आपल्या वाडवडिलांनी ओळखले होते. परंतु माती एकदाच विकते, हेही तितकेच खरे. 1969 साली अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी सुरू केलेली निरमा पावडर घराघरांत गेली, त्यात तिच्या गाण्याचा वाटा होताच. पण मुळात ती सामान्य गृहिणीच्या पर्सला परवडत होती. तिला तोंड देण्यासाठी महागड्या सर्फने ऐंशीच्या दशकात ललिताजी उभी केली. कविता चौधरी यांनी रंगवलेली ती गृहिणी स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यांतला फरक सांगत असे. दोन्हीकडे गिऱ्हाइकाला काही कारण दिले होते, आणि ते कपडे धुऊन पडताळता येत होते.

अडचण येते ती जेथे पडताळा घेता येत नाही तेथे. औषधाने मधुमेह मुळापासून गेला की नाही, हे रुग्णाला कळेपर्यंत फार उशीर झालेला असतो. म्हणूनच 1954 च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने मधुमेह, रक्तदाब, कर्करोग, लठ्ठपणा अशा विकारांवर हमखास इलाजाच्या जाहिराती करण्यास बंदी घातली. कायदा सत्तर वर्षांचा झाला, तरी जाहिराती चालूच राहिल्या. अखेर 2024 साली सर्वोच्च न्यायालयाने पतंजली आयुर्वेदच्या अशा जाहिराती थांबवल्या. कंपनीने एप्रिलमध्ये 67 वर्तमानपत्रांत माफीनामा छापला, तेव्हा न्यायालयाने विचारले की, माफीनाम्याचा आकार जाहिरातींएवढाच आहे काय? त्यानंतर मोठा माफीनामा आला आणि ऑगस्टमध्ये अवमानाचे प्रकरण मिटले. खोटे ठळक अक्षरांत आणि कबुली बारीक अक्षरांत, ही रीत त्या एका प्रश्नाने उघडी पडली.

कधी खोटे वाक्यात नसते, एखाद्या शब्दातच दडलेले असते. 1975 पासून एका क्रीमच्या नावातच गोरेपणा आणि सौंदर्य यांची जोडी लावलेली होती. ते नाव 2020 मध्ये बदलावे लागले. मधल्या पंचेचाळीस वर्षांत सावळ्या मुलींच्या मनावर काय बिंबले, ते आम्ही शिक्षक वर्गात पाहत आलो आहोत. मुलांच्या दुधात घालायच्या भुकटीचेही तेच. अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाही, म्हणून बोर्नव्हिटासारखी पेये त्या नावाखाली विकू नयेत, असे केंद्र सरकारने 2024 मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना कळवले. तोवर कित्येक आईबापांनी त्या शब्दावर विश्वास ठेवून पोटाला चिमटा काढून डबे आणले होते.

आता कायदा दुबळा राहिलेला नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली फसव्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत आणि पुन्हा तसेच केल्यास 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरातीत झळकणाऱ्या नटांनाही त्यातून सूट नाही. परंतु आमच्या वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावे असे कलम 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. दावा ज्या भाषेत, त्यावरील खुलासाही त्याच भाषेत आणि तशाच अक्षरांत असला पाहिजे. म्हणजे 'दामदुप्पट फायदा' मराठीत आणि 'अटी लागू' मुंगीएवढ्या इंग्रजीत, हे नियमात बसत नाही. प्रत्यक्षात काय दिसते, ते आजचीच एखादी पुरवणी उघडून पाहावे. आमिष मायबोलीत आणि जोखीम परक्या भाषेत, हा मराठीचा गौरव नव्हे. तो मराठी माणसाच्या भाबडेपणाचा वापर आहे.

सीमाभागात आपण पाटीवरच्या आणि परिपत्रकातल्या मराठीसाठी झगडत आलो. त्याच हक्काने बारीक अक्षरांतल्या मराठीचाही आग्रह धरला पाहिजे. शंका आली तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही तक्रार देता येते. शिक्षकांनी आठवड्यातून एक जाहिरात वर्गात वाचून घ्यावी आणि मुलांना विचारावे, यात सांगितले काय आणि झाकले काय? आणि ज्या कलमाचा आम्ही आग्रह धरतो, ते आम्हा पत्रकारांच्या जाहिरात विभागालाही लागू आहे. वाचकाला समजणार नाही असा खुलासा छापून घेतलेले पैसे हे कष्टाचे पैसे नव्हेत, हे आपण सर्वांनी मान्य केले पाहिजे.