निर्दोष सुटका म्हणजे न्याय नव्हे

तहसील कचेरीवरचा मोर्चा फाटकाशी अडवला जातो. थोडी रेटारेटी होते, निवेदन स्वीकारले जाते आणि माणसे आपापल्या गावी परततात. चार दिवसांनी कळते की पाच-सहा प्रमुख कार्यकर्त्यांवर गुन्हा दाखल झाला आहे. पोलिसाला धक्काबुक्की केली, सरकारी कामात अडथळा आणला, हा आरोप. भारतीय दंड विधानाचे कलम ३५३ चळवळीतल्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तेच कलम १३२ या क्रमांकाने आले आहे. पुढे अनेक तारखांनंतर न्यायालय आरोपींना निर्दोष सोडते, गावात हारतुरे होतात आणि आपण त्याची नोंद विजय म्हणून करतो. हा विजय खरोखर कोणाचा, हे एकदा तपासून पाहिले पाहिजे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. या कलमाखाली दोषी ठरवायचे तर दोन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. आरोपीने हल्ला किंवा फौजदारी स्वरूपाचा बलप्रयोग केला पाहिजे, आणि लोकसेवक त्या वेळी आपले कर्तव्य बजावीत असला पाहिजे. नुसते शब्द म्हणजे हल्ला नव्हे, हे स्पष्टीकरण मूळ १८६० च्या दंड विधानातच आहे. म्हणजे जाब विचारणे, घोषणा देणे, आवाज चढवणे यांतून हा गुन्हा होत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने हे वारंवार सांगितले आहे. बंगळुरूच्या वाहतूक पोलिसांविरुद्ध फेसबुकवर तक्रार लिहिणाऱ्यांवर हेच कलम लावले गेले होते. २०१५ साली न्यायालयाने ती फिर्याद रद्द केली. मध्य प्रदेशात लाचेच्या सापळ्यातील पथकाला ढकलून निसटू पाहणाऱ्याला या कलमाखाली शिक्षा झाली होती. निसटण्यासाठी केलेली झटापट म्हणजे हल्ल्याचा हेतू नव्हे, असे म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये ती शिक्षा रद्द झाली. जानेवारी २०२५ मध्ये वाराणसीच्या एका प्रकरणात, फिर्यादीत केवळ व्यत्ययाचा उल्लेख आहे, हल्ल्याचा नाही, म्हणून खटलाच रद्द करण्यात आला.

मग कायदा इतका स्पष्ट असताना ही कलमे इतक्या सहजपणे का लागतात? याचे उत्तर कायद्याच्याच रचनेत आहे. केवळ अडथळ्याचा सौम्य गुन्हा जुन्या विधानात कलम १८६ खाली होता, आता तो कलम २२१ खाली आहे. त्याची कमाल कैद तीन महिने. परंतु त्या गुन्ह्याची दखल न्यायालयाला घ्यायची असेल, तर संबंधित लोकसेवकाने किंवा त्याच्या वरिष्ठाने न्यायालयाकडे स्वतः लेखी तक्रार करावी लागते. पोलिसांचे दोषारोपपत्र पुरत नाही. अधिक गंभीर कलमाला मात्र ही अट नाही, आणि हे दोन गुन्हे परस्परांहून भिन्न आहेत असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९६६ सालीच दिला आहे. परिणाम असा की लहान आरोपाची वाट खडतर आणि मोठ्या आरोपाची वाट सोपी. फिर्याद लिहिणारा कोणती वाट धरील, हे सांगायला नको.

त्यात महाराष्ट्राने आणखी भर घातली. २०१८ साली अमलात आलेल्या राज्याच्या दुरुस्तीने कलम ३५३ ची कमाल शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली आणि खटला सत्र न्यायालयाकडे सोपवला. संसदेने केलेल्या नव्या संहितेत ही शिक्षा पुन्हा दोन वर्षांची आहे. पण त्याआधीच्या घटनांना जुनाच कायदा लागू राहतो.

अशा खटल्यात फिर्यादी पोलीस, साक्षीदार बहुधा पोलीस आणि तपास अधिकारीही त्याच ठाण्याचा. फिर्यादीनेच तपास केला एवढ्यावरून खटला आपोआप बाद होत नाही, असे घटनापीठाने २०२० मध्ये ठरवले. पोलीस आहे म्हणून त्याची साक्ष खोटी मानता येत नाही, हे आम्हालाही मान्य आहे. पण मग ती साक्ष पारखण्याचे काम उलटतपासणीवर येऊन पडते, आणि उलटतपासणीचा दिवस उजाडायला वर्षे लागतात. तोवर रोजंदारीवरच्या माणसाने प्रत्येक तारखेला मजुरी बुडवायची, एस. टी. चे भाडे भरायचे, वकिलाची फी द्यायची. पासपोर्ट आणि नोकरीची चारित्र्य पडताळणी अडते. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ५६ खाली तडीपारीसाठी जे गुन्हे आधार म्हणून घेता येतात, त्यांत दंड विधानाचे सोळावे प्रकरण येते; कलम ३५३ त्याच प्रकरणातले. म्हणजे सिद्ध न झालेला आरोपही कार्यकर्त्याला जिल्ह्याबाहेर घालवण्याच्या कामी येऊ शकतो. शिक्षा निकालाआधीच भोगून होते. निकाल फक्त तिच्यावर निर्दोषत्वाचा शिक्का मारतो.

येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. लोकसेवकाला संरक्षण हवेच. वाळूचोरी रोखणाऱ्या तलाठ्यावर ट्रॅक्टर घातला जातो, तेव्हा हा कायदा त्याच्या पाठीशी उभा राहिला पाहिजे. बंदोबस्तावर बारा-बारा तास उभा असलेला शिपाई कष्टकऱ्याचाच मुलगा आहे. त्याच्यावर हात उगारणे हा आपला मार्ग नाही. परंतु खऱ्या हल्ल्यासाठी केलेले कलम प्रत्येक रेटारेटीला लावले, तर त्या तलाठ्याच्या फिर्यादीचे वजनही कमी होते.

खटले मागे घेण्याचे शासन निर्णय वेळोवेळी निघतात, आणि आपण त्यांची वाट पाहत राहतो. ही सवय मोडली पाहिजे. सरकारने मागे घेतलेला खटला ही सरकारची मेहेरबानी ठरते. आरोप खोटा होता हे त्यातून कोणीच मान्य करीत नाही. ज्याचे मंत्र्याशी बरे त्याचा खटला आधी सुटतो आणि आदिवासी पाड्यावरचा आरोपी तारखा मोजत राहतो. शिवाय मागे घेण्यालाही न्यायालयाची संमती लागतेच.

म्हणून लढा पहिल्या दिवसापासून लढला पाहिजे. अटक झालेल्याची वैद्यकीय तपासणी होऊन जखमांची नोंद होईल हे पाहावे. साक्षीदारांची नावे आणि चित्रीकरण त्याच दिवशी जपून ठेवावे. पोलीस ठाण्यांत कॅमेरे बसवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये दिला आहे; तेथील चित्रीकरण राखून ठेवण्याची मागणी ताबडतोब लेखी करावी. लेखी तक्रारीच्या अटीचा आक्षेप आणि दोषमुक्तीचा अर्ज आरोपनिश्चितीच्या आधीच द्यावा. फिर्यादीत हल्लाच दिसत नसेल, तर उच्च न्यायालयात जावे. गरिबाला विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मिळतो. तो हक्क आहे, भीक नव्हे.

आणि कायदेमंडळाकडे मागणी करावी ती अशी की सौम्य गुन्ह्याला असलेले लेखी तक्रारीचे बंधन गंभीर गुन्ह्यालाही लागू करा, आणि खोटी फिर्याद करणाऱ्याला जाब विचारण्याची सोय करा. तोवर निर्दोष सुटलेल्या साथीच्या गळ्यात हार जरूर घाला. पण त्याची गेलेली वर्षे कोणाच्या हिशेबी धरायची, हा प्रश्न त्याच सभेत विचारा.